ऑक्टोबरमधला बेसबॉल आणि आमचे राफ्टर्स

ऑक्टोबर लागला की इथे अमेरिकेत आपल्या मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप चकल्या-चिवड्याच्या ऑर्डरींनी भरून जातात, टीव्हीवर वर्ल्ड सिरीजची, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या फायनलची, धामधूम असते, आणि त्याच दिवसांत आमच्या फिनिक्सच्या आसपास अजून एक बेसबॉल चालू असतो ज्याचा इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही पत्ता नसतो. ॲरिझोना फॉल लीग. 1992 पासून चालू आहे, सहा टीम, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळं आटोपतं. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, जायच्या उंबरठ्यावर असलेली पोरं इथे सीझन संपल्यावर अजून थोडं घोटून घ्यायला येतात.

मी सॉल्ट रिव्हर राफ्टर्सची फॅन. त्यांचं मैदान स्कॉट्सडेलजवळ, सॉल्ट रिव्हर पिमा-मारिकोपा या इथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर, 2011 मध्ये सुरू झालेलं. मार्चमध्ये डायमंडबॅक्स आणि रॉकीज हे मेजर लीगचे क्लब इथे स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचा सराव) करतात तेव्हा चांगली सीट मिळवताना नाकी नऊ येतात, आणि ऑक्टोबरमध्ये त्याच स्टेडियममध्ये बहुतेक खुर्च्या रिकाम्या. रणजीची मॅच रिकाम्या स्टँडमध्ये बसून बघितलीये त्यांना यातली मजा सांगायला नको. बॅटचा आवाज, डगआऊटमधली बडबड, कोच काय ओरडला, सगळं ऐकू येतं.

टीम कशी बनते ते भारी आहे. मेजर लीगचे 30 क्लब, प्रत्येकी पाच क्लबांची पोरं मिळून एक टीम. म्हणजे उन्हाळाभर ज्याच्याविरुद्ध खेळलो त्याच्याच शेजारी आता डगआऊटमध्ये बसायचं. आणि कपडे बघा, टोपी राफ्टर्सची पण जर्सी आपापल्या मूळ क्लबची, त्यामुळे एकाच टीमची फिल्डिंग लागली की मैदानावर चार-पाच रंग दिसतात.

माझं लक्ष मात्र कॅचरवर असतं, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा बॅटरच्या मागे बसणारा. बिचाऱ्याला कालपरवा भेटलेल्या पिचरचे बॉल पकडायचे असतात, कुणाचा स्लायडर (वळणारा बॉल) किती वळतो, कुणाला कुठली खूण समजते, सगळं पटापट शिकायचं. मागच्या सीझनला एका मॅचमध्ये कॅचर सारखा माऊंडवर, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, जात होता, तोंडावर ग्लोव्ह धरून दोघं काहीतरी बोलायचे, आणि तो पिचर मार खाऊनसुद्धा पुन्हा पुन्हा चेंजअपच (फसवा स्लो बॉल) टाकत होता. बाबा तेव्हा इथे आलेले, ते वैतागून म्हणाले, "अगं, याचा फास्ट बॉल चांगलाय ना, मग तो का टाकत नाही हा?" मी म्हटलं, बाबा, फास्टबॉल त्याला येतोच, जे येत नाही ते करायला बहुतेक पाठवलंय त्याला. मग बाबा पुढच्या इनिंगपासून स्कोअर सोडून फक्त तो चेंजअप बघत बसले.

मला ही लीग आवडते ती यासाठीच. जिंकायचं सगळ्यांनाच असतं, पण क्लबला बघायचं असतं की पोरगा सुधारतोय का, दुखापतीमुळे हुकलेला खेळ भरून निघतोय का, नवीन पोझिशन जमतेय का. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे क्लबांसाठी खेळाडू पारखणारे स्काऊट लोक स्टॉपवॉच आणि वह्या घेऊन बसलेले असतात, त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

मोठमोठी माणसं इथून गेलीयेत. 2011 मध्ये माइक ट्राऊट आणि ब्राइस हार्पर, पुढे मेजर लीगचे मोठे स्टार झालेले, दोघं एकाच टीममध्ये होते, स्कॉट्सडेल स्कॉर्पियन्समध्ये. त्याच स्कॉर्पियन्सकडून 1994 मध्ये मायकल जॉर्डन खेळला, हो तोच बास्केटबॉलवाला. बर्मिंगहॅमला (अलाबामातल्या, खालच्या लीगच्या टीमकडून) उन्हाळ्यात त्याची बॅटिंग ॲव्हरेज .202 होती, म्हणजे साधारण पाचातून एकदा हिट, इथे .252 झाली, म्हणजे चारातून एकदा. लोक त्याच्या बेसबॉलला हसतात, पण तिशी ओलांडलेला, जगातला सगळ्यात प्रसिद्ध खेळाडू, आपल्यापेक्षा कितीतरी लहान पोरांमध्ये येऊन नव्याने शिकतो आणि थोड्या महिन्यांत एवढा सुधारतो, मला तरी याचं फार कौतुक वाटतं. दोन्हीकडे त्याचा मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) टेरी फ्रँकोना, ज्याने पुढे 2004 मध्ये बॉस्टनला 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकून दिली.

आणि पोरंच कशाला, नियमसुद्धा इथे घासूनपुसून घेतात. पिचरने किती सेकंदात बॉल टाकायचा ते दाखवणारं पिच क्लॉक 2014 मध्ये फॉल लीगने आमच्याच सॉल्ट रिव्हरच्या मैदानावर आजमावलं, तेव्हा 20 सेकंद द्यायचे. मेजर लीगमध्ये ते 2023 ला आलं आणि मॅचची सरासरी वेळ एकदम 24 मिनिटांनी कमी झाली. बेसबॉल लांबतं म्हणून कंटाळणाऱ्या आपल्या लोकांनी आता पुन्हा एक चान्स द्यायला हरकत नाही.

तर दिवाळीच्या सुमारास कुणी फिनिक्सला येणार असेल तर ग्रँड कॅन्यनच्या प्लॅनमधून एक संध्याकाळ काढाच. दुपारची मॅच शक्यतो नको, ऑक्टोबरचं ऊन इथे अजून भाजून काढतं. नोव्हेंबरमध्ये येणार असाल तर पातळ जॅकेट बरोबर ठेवा, आणि जागा होम प्लेटच्या मागे, स्काऊट बसतात त्याच्या जवळपास बघा, कॅचर तिथूनच नीट दिसतो.