नाव दिलं नाही, तरी कळेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "कंपनीने गैरव्यवहाराच्या तक्रारीसाठी बाहेरच्या संस्थेचा नंबर दिलाय. तिथे कळवलं तर साहेबांना माझं नाव कळणार नाही ना?" विचारणारी व्यक्ती अंधेरीच्या एमआयडीसीत स्टोअरला असेल, लोअर परळला अकाउंट्समध्ये असेल, नाहीतर बीकेसीत पर्चेसला. धास्ती सगळीकडे सारखीच. उत्तर असं, की तुम्ही नको म्हटलंत तर ती संस्था तुमचं नाव सांगत नाही. पण खरा धोका तिथे नसतोच. माणूस ओळखू येतो तो तक्रारीतल्या तपशिलावरून, आणि तो तपशील तुमच्या हातात असतो.

आधी ही संस्था करते काय ते पाहू. टोल-फ्री नंबर, वेबसाइटवरचा फॉर्म, ईमेल, क्वचित टपालपेटी, असे तिचे मार्ग असतात. फोन घेणारा माणूस तुमच्या कंपनीचा नसतो. तो ऐकून टिपण काढतो, तुम्हाला तक्रार क्रमांक आणि पिन देतो आणि टिपण कंपनीतल्या ठरलेल्या दोन-तीन जणांकडे पाठवतो: एथिक्स ऑफिसर (सचोटीच्या नियमांवर नजर ठेवणारा अधिकारी), ऑडिट कमिटीचे (संचालक मंडळाच्या हिशेब पाहणाऱ्या समितीचे) अध्यक्ष वगैरे. आरोप ज्याच्यावर आहे तोच त्या यादीत असेल, तर त्याला वगळून ते पुढे जातं. म्हणून तक्रार कोणाविरुद्ध आहे हे पहिल्याच मिनिटात सांगा. चौकशी मात्र ही संस्था करत नाही. ती कंपनी करते, किंवा कंपनीने नेमलेली माणसं करतात.

सांगण्याचे तीन प्रकार असतात. नाव उघड, नाव फक्त संस्थेला ठाऊक, आणि पूर्ण निनावी. लोक घाबरून थेट तिसरा निवडतात. आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. संस्थेकडे तुमचा नंबर असला की चौकशी करणाऱ्याला अडलेला प्रश्न ती तुम्हाला विचारू शकते आणि कंपनीला फक्त उत्तर मिळतं. मात्र नाव पुढे द्यायचं नाही, हे स्पष्ट बोलून टिपणात नोंदवून घ्या. आणि टिपण वाचून दाखवायला सांगा. तुम्ही मराठीत बोलता, ते बहुधा इंग्रजीत लिहिलं जातं; "मला वाटतं" याचं "मला माहीत आहे" व्हायला वेळ लागत नाही.

आता तपशिलाचं. समजा, भिवंडीच्या गोदामातून भंगार विकलं जातंय. गाडीत ९ टन माल जातो, बिल ६ टनांचं होतं, फरकाचे पैसे रोखीत वाटले जातात. यावर कोणी लिहितं, "गोदामात भ्रष्टाचार माजलाय, मॅनेजर चोर आहे." एवढ्यावर कोणी चौकशी करू म्हटलं तरी करता येणार नाही. दुसरं कोणी लिहितं, "१४ तारखेला दुपारी साडेतीनला मी काट्यावर उभा होतो, वजन ९ टन २०० किलो आलं, ती पावती फाडून दुसरी केली." पुरावा म्हणून हे पक्कं आहे. पण साडेतीनला काट्यावर तीनच माणसं होती, आणि त्यांतला एक ड्रायव्हर.

तीच गोष्ट अशी लिहा: "जानेवारी ते मार्च या काळातल्या भंगाराच्या बिलांवरचं वजन, काट्याच्या संगणकातली नोंद आणि गेट रजिस्टरमधले गाडी नंबर जुळवून पाहा. अनेक गाड्यांत फरक सापडेल." चौकशी करणारा तीन महिन्यांचे कागद एकदम मागवतो आणि १४ तारीख आपोआप वर येते. तुम्ही काट्यावर होता की अकाउंट्सला होता, की नुसतं कोणाकडून ऐकलंत, याचा पत्ता लागत नाही. पुरावा कुठे पडलाय ते सांगायचं, तो आपल्याला कसा दिसला ते नाही. ही एक गोष्ट नीट जमली तर निम्मी भीती जाते. "मी हे साहेबांना आधीच बोललो होतो" हे वाक्यही असंच घात करतं. बोलला असाल तर संस्थेला जरूर सांगा, पण पुढे जाणाऱ्या टिपणातून ते वगळायला लावा.

कागदपत्रांच्या बाबतीत हात आवरा. ऑफिसची मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड केली की आयटी विभागाला इशारा जाऊ शकतो, आणि मग गैरव्यवहार बाजूला राहून माहिती बाहेर नेल्याची चौकशी तुमच्यावरच बसते. बिल नंबर, पर्चेस ऑर्डरचा नंबर, तारीख, फोल्डरचं नाव एवढं वहीत टिपून ठेवा. मूळ कागद काढायचा अधिकार चौकशी करणाऱ्याला असतो. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा प्रिंटर, तिन्ही टाळा. प्रिंट कोणी कधी काढली याची नोंद राहते. वर्डच्या फाइलमध्ये तुमचं नाव लेखक म्हणून आत बसलेलं असतं, मोबाइलच्या फोटोत जागा आणि वेळ असू शकते, स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात लॉगिन दिसू शकतं. मजकूर सरळ फॉर्ममध्येच टाइप करणं उत्तम. आणि फोन करायचा तर लोकलमधून नको. शेजारी उभ्या असलेल्याच्या गळ्यात तुमच्याच कंपनीचं ओळखपत्र असू शकतं.

पुष्कळ तक्रारी बुडतात त्या पिनपाशी. तक्रार क्रमांक आणि पिन टाकून उघडणाऱ्या तुमच्या खात्यात चौकशी करणारा प्रश्न टाकतो, "कोणत्या विक्रेत्याची बिलं?" तक्रार करणारा परत डोकावतच नाही. काही आठवड्यांनी "माहिती अपुरी" असा शेरा पडून फाइल बंद होते. पिन हरवला तर निनावी खात्यात पुन्हा शिरायचा मार्ग बहुधा नसतो. म्हणून तो घरच्या वहीत लिहून ठेवा आणि दर आठवड्याला एकदा पाहा.

कायदा काय म्हणतो, हेही नेहमी विचारलं जातं. कंपनी कायदा २०१३, कलम १७७. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना तक्रारीची अशी यंत्रणा ठेवावीच लागते. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये अशी तजवीज हवी आणि अपवादात्मक प्रसंगी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे थेट जाता यायला हवं. बाहेरची संस्था नेमायची सक्ती नाही; ती कंपनीची निवड. २०२० च्या लेखापरीक्षा आदेशानुसार वर्षभरात आलेल्या अशा तक्रारी आपण विचारात घेतल्या का, हे ऑडिटरला अहवालात नमूद करावं लागतं. त्यामुळे क्रमांक पडलेली तक्रार दाबणं तोंडी कुजबुजीपेक्षा पुष्कळ अवघड. उलट, क्षुल्लक तक्रारी वारंवार करणाऱ्याला समज देण्याची तरतूदही नियमांत आहे.

सरकारी बँक किंवा केंद्राच्या उपक्रमात असाल तर तक्रारीचा मार्ग वेगळा. तो कसा निघाला ते आधी. सुवर्ण चतुर्भुज रस्त्यांच्या कामातला गैरव्यवहार अभियंता सत्येंद्र दुबे यांनी पत्राने कळवला आणि नाव गुप्त ठेवायची विनंती केली. पत्र नावासकट कार्यालयांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये बिहारमधल्या गयेत त्यांचा खून झाला. देशभर संताप उसळला आणि २००४ मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारींसाठी केंद्रीय दक्षता आयोगाला नेमलं. इथे निनावी चालत नाही. बंद पाकिटावर "पीआयडीपीआय" (त्या ठरावाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) लिहायचं, पत्ता आयोगाच्या सचिवांचा, पाकिटावर स्वतःचं नाव नाही. नाव-पत्ता आत पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी. २०१४ चा जागल्या (म्हणजे गैरप्रकार उघड करणारा) संरक्षण कायदा संसदेने मंजूर केला, पण लागूच झाला नाही. गावगाड्यात रात्रभर जागून राखण करणाऱ्याचं नाव ज्याला दिलं, त्याचाच कायदा इतकी वर्षं कागदावर पडून आहे, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर फक्त या नंबरवर विसंबू नका. ती अंतर्गत समितीकडे लेखी द्यावी लागते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुम्ही पिनवर उत्तराची वाट पाहत असता आणि इकडे मुदत सरत असते.

तक्रारीनंतर अचानक बदली झाली, अप्रेझल घसरलं, मीटिंगची निमंत्रणं बंद झाली, तर सहन करत बसू नका आणि नवी तक्रारही उघडू नका. त्याच क्रमांकाखाली तारखांसह लिहा, म्हणजे आधी काय आणि नंतर काय हे एकाच फाइलमध्ये दिसेल. त्यासाठी मागच्या दोन वर्षांच्या अप्रेझलमध्ये तुम्हाला काय शेरा मिळाला होता, तो तक्रार करण्याआधीच वहीत उतरवून ठेवा.