तुम्ही विचारलंत म्हणून: गॅरेजची यादी हातात आल्यावर

गाडी सर्व्हिसिंगला सोडली की दुपारपर्यंत गॅरेजमधून यादी येते. पुढचे ब्रेक पॅड, डिस्क, बॅटरी, एसीचा गॅस, इंजिन फ्लशिंग, अलाइनमेंट, आणि सगळ्यात खाली बेरीज. ती यादी लोक मला दाखवतात आणि विचारतात, ‘यातलं खरंच काय करायला हवं? पार्ट बाहेरून आणले, मजुरी कमी करून घेतली, तर किती वाचतील?’ गॅरेजच्या काउंटरवर बसून मी वर्षानुवर्षं अशा याद्या लिहिल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. आज सविस्तर उत्तर देतो.

पार्टच्या आणि मजुरीच्या दरात घासाघीस करून सुटतं ते थोडं. खरा पैसा जातो तो चुकीच्या निदानात. ज्या पार्टमध्ये दोष नव्हता तो बदलला की पार्टचे पैसे गेले, मजुरी गेली, आणि गाडी चार दिवसांनी तोच त्रास घेऊन पुन्हा गॅरेजच्या दारात. म्हणून दराकडे वळण्याआधी यादीतल्या प्रत्येक ओळीला विचारा: ‘हे कशावरून?’

ब्रेकचंच घ्या. ‘पॅड संपत आलेत’ हे उत्तर पुरेसं नाही. किती मिलिमीटर उरलेत ते सांगता आलं पाहिजे. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटरचा थर असतो आणि तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलतात. पाच-सहा उरले असतील तर पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा पाहू म्हणायला हरकत नाही. दोन उरले असतील तर त्याच दिवशी बदला. चाक काढलेलं असताना जवळ जाऊन पाहता आलं तर एकाच चाकाचे आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहा. बाहेरचा जाड आणि आतला पार झिजलेला असेल, तर बहुतेक वेळा पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या जाम झालेल्या असतात. त्या साफ करून, ग्रीस लावून मोकळ्या केल्या नाहीत तर नवे पॅडही तसेच एका बाजूने संपतात. हे काम थोडक्यात होतं, पण यादीत क्वचित लिहिलेलं असतं. डिस्कचंही तसंच: किती जाडीपर्यंत ती चालते, तो आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. डिस्क मोजली का आणि माप काय आलं, एवढं विचारा. मोजलीच नसेल तर ‘डिस्कसुद्धा बदलून टाकू’ हा अंदाज झाला, आणि अंदाजाचे पैसे तुम्ही का द्यायचे?

दुसरी जागा म्हणजे चेक इंजिनचा दिवा. स्कॅनर लावला, कोड आला, कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं आणि सेन्सर बदलला, असं फार होतं. कोड हा बिघडलेल्या पार्टचा पत्ता नसतो. गाडीच्या कॉम्प्युटरला काय खटकलं, एवढंच तो सांगतो. ‘पी०’ने सुरू होणारे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात, त्यामुळे त्यांचा अर्थ कोणालाही पाहता येतो. पी०१७१ म्हणजे इंजिनला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त मिळतेय. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल किंवा फ्युएल पंपाचं प्रेशर कमी पडत असेल. पी०४२० आला की धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात, आणि तो गाडीतल्या महागड्या पार्टांपैकी एक. पण सायलेन्सरच्या पाइपात गळती असली किंवा मागचा ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचत असला तरी हाच कोड येऊ शकतो. ते तपासल्याशिवाय कन्व्हर्टरला होकार देऊ नका.

चांगलं निदान कसं दिसतं तेही सांगतो. गाडी थरथरतेय आणि कोड आलाय पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र असलेल्या इंजिनात समजदार मेकॅनिक पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावतो, कोड पुसतो आणि गाडी चालवून बघतो. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला. ती एकच कॉइल बदलली की काम झालं. कोड पी०३०१ वरच राहिला तर कॉइल निर्दोष, आता स्पार्क प्लग अदलाबदल करून बघायचा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. या तपासणीचे वेगळे पैसे मागितले तर आनंदाने द्या. लोकांना पार्टचे पैसे द्यायला काही वाटत नाही आणि तपासणीचे देताना जीव वर-खाली होतो, याचं मला फार वाईट वाटतं. तपासायचे पैसे मिळत नाहीत म्हणूनच कित्येक गॅरेजं अंदाजाने पार्ट बदलत सुटतात. एक मात्र लक्षात ठेवा: चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मिसफायर गंभीर आहे आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर खराब करतंय. अशा वेळी वेग कमी करून गाडी बाजूला घ्या.

एसीच्या गॅसबद्दल लोक हमखास विचारतात. ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो का?’ एसीची यंत्रणा बंद असते, तिथला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बऱ्याच वर्षांत थोडाफार झिरपतो हे खरं, पण एका मोसमात थंडपणा गेला तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. आधी लीक टेस्ट करून घ्या, नायट्रोजन भरून किंवा रंग सोडून, आणि मगच गॅस.

बॅटरीला तर साध्या मल्टिमीटरने बोलतं करता येतं. गाडी रात्रभर बंद ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.२ म्हणजे निम्मी. इंजिन चालू असताना साधारण १३.७ ते १४.७ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि वायरिंग तपासायला सांगा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

आता उलट बाजू. संशयी मन झालं की लोक खऱ्या गोष्टीही नाकारायला लागतात, आणि सगळ्यात जास्त नाकारलं जातं ते ब्रेक ऑइल. ‘गळत नाही, मग बदलायचं कशाला?’ कारण ते हवेतला ओलावा शोषून घेतं. ताजं ‘डॉट ४’ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ठरावीक पाणी मुरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. पुष्कळ कंपन्या दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलायला सांगतात, आणि खर्च मामुली असतो. इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा टायमिंग बेल्टही असाच. तो बाहेरून धडधाकट दिसतो, आवाज करत नाही, आणि तुटतो तेव्हा बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथे ‘अजून चांगला दिसतोय’ याला अर्थ नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल ते. मॅन्युअल पाहताना ‘खडतर वापर’ असं एक वेगळं कोष्टक असतं तेही पाहा. धूळ, सतत थांबत-थांबत चालवणं, रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या, हे सगळं त्यात मोडतं, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या त्याच रकान्यात बसतात.

मॅन्युअलमध्ये जे कुठेच नाही, म्हणजे इंजिन फ्लशिंग, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या, प्रत्येक सर्व्हिसिंगला थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, ते सांगणाऱ्याने लक्षण दाखवावं. लक्षण नसेल तर नको म्हणा. टायरमधल्या नायट्रोजनच्या पैशांबद्दलही तेच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मजुरीचं गणित लोकांना वाटतं तसं घड्याळावर चालत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक कामाला ठरलेले तास असतात आणि त्या तासांचे पैसे लावतात. तीन तासांचं काम हुशार मेकॅनिकने दोन तासांत केलं तरी बिल तीनाचंच, आणि त्यात मला गैर वाटत नाही. चार तास लागले तर जादा मागत नाहीत ना? पाहायचं ते हे, की एकाच उघडझापीत होणाऱ्या दोन कामांची मजुरी दोनदा लागलेली नाही. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्ट बदलताना पंप बदलून घ्यावा, कारण तिथवर पोचण्याची मजुरी आधीच दिलेली असते. क्लचमध्ये तर निम्म्याहून जास्त कष्ट गिअरबॉक्स उतरवण्याचे. फक्त क्लच प्लेट बदलून जुनं रिलीज बेअरिंग तसंच ठेवलं आणि पुढे ते आवाज करायला लागलं, की गिअरबॉक्स पुन्हा खाली. इथे पार्टवर थोडं जास्त खर्च करणं हीच बचत.

पार्टच्या बाबतीत ओरिजिनल आणि डुप्लिकेट एवढे दोनच प्रकार लोकांच्या डोक्यात असतात. पण गाडीची कंपनी सगळेच पार्ट स्वतः बनवत नाही. बॉश, डेन्सो, व्हॅलिओ यांच्यासारखे उत्पादक तिला माल पुरवतात आणि तशाच दर्जाचा माल स्वतःच्या खोक्यातही विकतात, बहुधा स्वस्त. तुमच्या गाडीत मुळात कोणाचा पार्ट होता ते जुन्या पार्टवरचं नाव वाचून कळतं. फिल्टर, प्लग, बेअरिंग, अल्टरनेटर यांसाठी हा मार्ग मी डोळे मिटून सुचवतो. आरसा, दिवा, दाराचं हँडल वापरलेलंही चालतं. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, टायमिंग बेल्ट आणि एअरबॅग यांत नाव-गाव नसलेला स्वस्त माल किंवा जुना पार्ट मी कोणालाच घेऊ देणार नाही. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दुकानात नवा दिसणारा टायर चार-पाच वर्षं पडून असू शकतो.

पार्ट स्वतः आणून देणार असाल तर आधी विचारून घ्या. बरीच गॅरेजं अशा कामावर मजुरीची वॉरंटी देत नाहीत. पार्ट सदोष निघाला तर परत उघडण्याचे पैसे तुमचेच, आणि मग वाचलेले पैसे तिथेच जातात. एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि वायपरची पाती मात्र स्वतःच बदला. बहुतेक गाड्यांत जास्तीत जास्त एखादा स्क्रूड्रायव्हर लागतो.

एखादा ज्ञात दोष असेल तर त्यासाठी कंपनीने गाड्या परत मागवल्यात का, हेही चॅसीचा १७ अक्षरी नंबर देऊन विचारा. सुरक्षेच्या कारणाने मागवलेल्या गाडीचं काम सहसा फुकट होतं, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक खिशातून पैसे भरतात.

हे सगळं विचारताना आवाज चढवायची गरज नाही. ‘दादा, जरा दाखवता का?’ म्हटलं की चांगला मेकॅनिक हातातलं काम टाकून दाखवतो. त्यालाही कोणी विचारलेलं आवडतं. काम सुरू करण्याआधी पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, त्याबाहेरचं काहीही फोन केल्याशिवाय करू नका असं सांगा, आणि काढलेले जुने पार्ट मागून घ्या. हे शेवटचं आधीच सांगावं लागतं, कारण अल्टरनेटर किंवा स्टार्टरसारखे काही पार्ट जुना परत देण्याच्या बोलीवर स्वस्त मिळतात. आणि बिलावर किलोमीटरचा आकडा नसेल तर तिथेच लिहून घ्या. वॉरंटी मागायला गेलात की तारखेइतकाच तोही विचारतात.