४५ दिवसांचा मार्च एंड

मार्च २०२४ चा शेवटचा गुरुवार. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मशिनिंगवाल्या प्रायव्हेट लिमिटेडची पुस्तकं मी बघतो. रविवारी वर्ष संपणार होतं.

पूर्वी मार्च एंडला कुणाचं किती देणं आहे एवढं जुळलं की पुरे असायचं. आयकराच्या ४३ब(एच) कलमाने ते बदललं: छोट्या सप्लायरचे पैसे थकवून वर्ष संपवलं, तर तो खर्च त्या वर्षी करातून वजा होत नाही. आता प्रत्येक सप्लायरचं उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा दाखला, मागायचं, तो सूक्ष्म-लघु की मध्यम, माल बनवतो की नुसता विकतो, हे तपासायचं. मध्यम आणि व्यापारी यातून बाहेर. पैसे चुकते करायची मुदत लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवस, नसेल तर १५. ती मोजायची माल स्वीकारल्यापासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे मी गेटवरचे चलनाचे शिक्के एकेक करून शीटमध्ये चढवले होते. या शीटचा मला अभिमान आहे. जीएसटी आयकर रिटर्नच्या मुदतीआधी भरला तरी त्याच वर्षी चालतो, इथे तेवढी सवलत नाही. मुदत टळून ३१ मार्चला बाकी राहिलं, की त्या वर्षी खर्च धरता येत नाही.

पावडर कोटिंगवाल्याचे ३,८०,००० डिसेंबरपासून अडकले होते. बिचारा दर आठवड्याला येऊन बसायचा. मी शेठना दाखवलं, हे रविवारपर्यंत दिले नाहीत तर यंदा साधारण ९५ हजार टॅक्स जास्त जाईल. ते म्हणाले, "आजच पेमेंट सोडा."

दुपारी शेठच्याच मोठ्या कस्टमरच्या अकाउंट्समधून फोन. "तुमचं उद्यम रद्द करून घ्या, नाहीतर एप्रिलपासून ऑर्डरचं बघावं लागेल." शेठचे त्यांच्याकडे चार महिन्यांचे पैसे बाकी, आणि उद्यम नसलं की त्यांना ही मुदत लागत नाही. फोनवरचा माणूस माझ्याच धंद्यातला, शिकलेला. संताप आला.

४५ दिवसांची मर्यादा छोट्या-मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातच आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही आहे. ते कुणाला मागताना मी पाहिलं नाही, कारण तक्रार केली की गिऱ्हाईक गेलं. आयकराने नुकसान पैसे थकवणाऱ्याच्या खिशाला लावलं, म्हणून पावडर कोटिंगवाल्याला त्या संध्याकाळी पैसे मिळाले. पण गिऱ्हाईक जायची भीती आहे तिथेच आहे.

शेठनी उद्यम रद्द केलं नाही. जूनपर्यंत त्या कस्टमरचं काम निम्म्यावर आलं. पुढच्या मार्चला तोच फोन आला तर मी त्यांना काय सल्ला द्यायचा, हे माझं अजून ठरत नाही.