मॉडिफाइड जपानी गाडी विकताना आधी पुरावे, मग हॉर्सपॉवर

मॉडिफाइड इम्प्रेझा, लान्सर इव्होल्यूशन किंवा आरएक्स-७ बघायला येणाऱ्याला एकच धास्ती असते: इंजिन आतून खाल्लेलं तर नाही ना? तिचं उत्तर जाहिरातीतच द्या. कॉम्प्रेशन टेस्टचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचे, आकडे छापा.

टेस्ट गरम इंजिनावर करायची. सगळे स्पार्क प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली आणि प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच, पाच-सहा फेरे. कॅम (वाल्व्ह उघडणारा शाफ्ट) आणि पिस्टन बदललेल्या इंजिनात नुसता आकडा फसवतो, म्हणून सिलिंडरांमधला फरक बघायचा. तो १० टक्क्यांच्या आत असावा. एखादा सिलिंडर कमी आला तर आत थोडं तेल टाकून पुन्हा मोजतात: आकडा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर वाल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा. सुबारूच्या आडव्या सिलिंडरांत तेल खालच्याच बाजूला साचतं, तिथे लीक-डाऊन टेस्टच (दाबाची हवा भरून ती किती गळते ते मोजणं) खरी. आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनाला (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी रोटर) तर साधा गेज चालतच नाही. एका रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन वेगवेगळं दाखवणारा टेस्टर लागतो. साधा गेज त्यातला सर्वांत चांगला आकडा धरून बसतो आणि गेलेलं सील लपतं.

बिलं तारीख आणि किलोमीटरसह लावा. इव्होच्या ४जी६३ इंजिनात टायमिंग बेल्टसोबत बॅलन्स शाफ्टचा (कंपन कमी करणारा शाफ्ट) बेल्टही बदललाय का, हे जाणकार विचारतोच. बॅलन्स शाफ्टचा बेल्ट तुटून टायमिंग बेल्टमध्ये अडकला की वाल्व्ह वाकतात. बॅलन्स शाफ्ट काढून टाकले असतील तर तसं लिहा. डायनोचा (पॉवर मोजायचं यंत्र) कागद देताना पॉवर चाकांवरची की क्रँकवरची, बूस्ट (टर्बोचा दाब) किती आणि इंधन कोणतं, हे तिन्ही सांगा. जास्त ऑक्टेनवर केलेली ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग) साध्या पेट्रोलवर नॉक करते, म्हणजे इंधन सिलिंडरमध्ये अवेळी पेटतं, आणि नव्या मालकाचा पिस्टन पहिल्याच महिन्यात फुटू शकतो.

पार्ट्सवर घातलेला पैसा गाडीच्या किमतीत पूर्ण वसूल होत नाही. मूळ एक्झॉस्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सस्पेन्शन जपून ठेवलं असेल तर कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), चाकं, सीट काढून वेगळे विकणं बहुधा फायद्याचं. टर्बो, इंजेक्टर, इंटेक बदलताना मात्र ट्यूनही मूळ करावी लागते. मोठ्या इंजेक्टरचा मॅप (ट्यूनमधला इंधनाचा तक्ता) मूळ इंजेक्टरवर ठेवला तर मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं.

बघायला येणार असतील तर इंजिन थंडच ठेवा. आधीच गरम केलेली गाडी दिसली की शंका येते, आणि धूर, पिस्टनचा आवाज थंड स्टार्टलाच कळतो. टेस्ट ड्राइव्हआधी विमा त्या चालकाला लागू आहे का ते बघा, आणि तेल ८० अंशांवर जाईपर्यंत बूस्ट देऊ नका. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय कागद आणि किल्ली हातातून सोडू नका.

किल्लीसोबत चाकांच्या लॉक नटची चावी, कॉइलओव्हरचा पाना आणि ट्यूनची फाइल द्या. ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ट्यूनरने पासवर्ड लावलेला असेल, तर तो उघडून मिळेल का हे सौद्याआधीच विचारून ठेवा.