बोर्दो ते सेत: कालव्याकाठचे ५०० किलोमीटर आणि त्यातले अवघड दीडशे

अटलांटिकजवळच्या बोर्दोपासून भूमध्य समुद्रावरच्या सेतपर्यंत गाड्यांचा त्रास जवळपास टाळून सायकलने जाता येतं. कुणी या वाटेची चौकशी करायला लागलं की पहिला प्रश्न हमखास येतो, चढ किती? कालव्याला चढ कुठून असणार! विचारायचा प्रश्न टायरचा आहे. नकाशावर ही एकच निळी रेघ दिसते, पण खाली दोन वेगळे कालवे आणि दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. पहिल्यावर पातळ टायरची सायकल मजेत पळते, दुसऱ्यावर तीच सायकल हाडं खिळखिळी करते.

खरे चढ भेटतात ते कालव्याला लागण्याआधीच. बोर्दोतून बाहेर पडताना जुन्या रेल्वेमार्गावरची लपेबी वाट धरायची. १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रोझे लपेबीचं नाव तिला दिलंय. क्रेओंपर्यंत ती हळूहळू चढते, पण रेल्वेचा चढ असल्याने पायाला फारसा कळत नाही. सोव्हतेरला वाट संपते. तिथून गारोन नदीच्या खोऱ्यात उतरेपर्यंत द्राक्षमळ्यांतले चढउताराचे छोटे रस्ते आहेत, अधूनमधून गाड्याही लागतात. मग कास्ते-आँ-दोर्तला गारोन कालवा सुरू होतो आणि तुलूझपर्यंत १९३ किलोमीटर बहुतेक गुळगुळीत डांबर. ३२ मिमीचे टायर इथे भरपूर झाले. सामानासकट रोज ७० किलोमीटर धरले तर तीन दिवस.

या भागात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. आझाँला कालवा ५३९ मीटर लांबीच्या दगडी पुलावरून गारोन ओलांडतो, म्हणजे नदीच्या डोक्यावरून नावा जातात. मोआसाकच्या मठाचे कोरीव खांब बघायला अर्धा दिवस ठेवा. मोंतेशला १९७४ साली नावा चढवण्यासाठी एक अजब यंत्र बसवलं होतं: दोन्ही काठांवरची दोन इंजिनं पाण्याची पाचरच्या पाचर उतारावरून वर ढकलायची. आता ते बंद आहे.

सांभाळायचं ते पुलांखाली. वाट एकदम अरुंद होते, वळण आंधळं असतं, उन्हातून सावलीत शिरताना क्षणभर काही दिसत नाही आणि फरशी ओली असते. घंटी वाजवत, वेग मोडून जायचं. गळ टाकून बसलेल्यांच्या लांबलचक काठ्या वाटेवर आडव्या असतात, त्यांना लांबूनच आवाज द्या.

तुलूझला कनाल द्यू मिदी सुरू होतो. पिएर-पॉल रिके याच्या आखणीनुसार १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला, २४० किलोमीटरचा. पहिले साधारण ५० किलोमीटर, पोर-लोरागेपर्यंत, डांबर टिकून राहतं. पुढे नोरूझला कालव्याचा माथा लागतो, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर. काळ्या डोंगरातलं पाणी पाटाने इथवर आणून दोन्ही बाजूंना सोडलंय. पाट काढणाऱ्या माणसांच्या मुलखातून येणाऱ्यांना रिकेची ही युक्ती लगेच उमगेल.

तिथून पुढे, बेझिएपर्यंतचे दीडशे किलोमीटर हा खरा मामला. ही घोड्यांनी नाव ओढून नेण्याची वाट. खडी, माती, कुठे गवतातून गेलेली एकच चाकोरी, आणि कडेच्या प्लेन झाडांची मुळं. प्लेन म्हणजे काश्मीरच्या चिनारचा जवळचा भाऊबंद. मुळं वाटेला आडवी, मुठीएवढी वर आलेली. कोरड्या दिवशी ती फक्त दणके देतात. पावसात त्यांच्यावर तिरकं चाक घातलं की ते सरकतं, आणि एका हाताला पाणी असतं. मूळ नेहमी काटकोनात ओलांडायचं, त्या क्षणी ब्रेक दाबायचा नाही.

टायर किमान ४० मिमी हवेत. सायकलस्वार आणि सामान मिळून ९० किलोच्या आसपास असेल तर मागे ४५ आणि पुढे ३८ ते ४० पीएसआय हवा पुरते. डांबरावर ठेवलेली ६० ची हवा तशीच राहिली तर मनगटं दुखतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कॅरिअरचे बोल्ट सैल होतात. हे ५ मिमीचे बारके बोल्ट सततच्या थरथरीने फिरत बाहेर येतात. एक पडला की सगळा भार दुसऱ्यावर येऊन तो तुटतो आणि अर्धा तुकडा फ्रेममध्येच अडकतो. निघण्यापूर्वी निळं थ्रेडलॉक (बोल्टचे आटे धरून ठेवणारा डिंक) लावा, रोज संध्याकाळी ४ मिमीच्या ॲलन कीने तपासा आणि दोन-तीन जादा बोल्ट जवळ ठेवा. पॅनियरचा खालचा हूक कॅरिअरच्या दांडीला घट्ट धरत नसेल तर पिशवी प्रत्येक मुळावर उडते आणि वरचे हूक मोडतात. हँडलबारच्या पिशवीत जड काही नको.

पंक्चरचं मुख्य कारण काटे. कुंपणं छाटल्यावर काटेरी फांद्यांचे तुकडे वाटेवर पडतात. शिवाय आपल्या माळावरचा सराटा भूमध्य समुद्राकाठीही उगवतो. दोन ट्यूब, पॅचेस आणि टायर फाटला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा, एवढं हवंच. चेनवर पांढरी धूळ बसते. ओलं तेल लावलं की तिची खळ होते, म्हणून मेणाचं किंवा कोरडं वंगण वापरा.

रोजचं अंतर इथे कमी धरा. तुलूझ ते कास्तेलनोदारी ६५ किलोमीटर ठीक. पुढे कार्कासोन ४०, तिथून ऑम्प्स ४०, तिथून कापेस्ताँ ४३. आकडे किरकोळ दिसतात, पण ताशी १० ते १२ चाच वेग पडतो. आर्जाँसच्या लॉकपासून (शाळेच्या पुस्तकातला जलपाश, नावा वर-खाली करणारा) बेझिएच्या फोंसेरानपर्यंत ५४ किलोमीटर दुसरं एकही लॉक नाही. रिकेने समपातळी धरून कालवा टेकड्यांना वळसे घालत नेला, त्यामुळे समोरचं गाव हाताशी दिसतं आणि तासभर येत नाही.

सपाटीचा त्रास वेगळाच असतो. उतार नाही म्हणून पायडल थांबत नाही, बसण्याची जागा बदलत नाही. बूड आणि करंगळीकडची बोटं बधिर होतात. दर १५ मिनिटांनी उभं राहून वीसेक पायडल मारा आणि हाताची पकड बदला.

वाऱ्याचा हिशेबही आधीच करावा. तुलूझच्या पुढे आग्नेयेकडून ओताँ वाहायला लागला तर कास्तेलनोदारीपर्यंत तो तोंडावर असतो. पलीकडे, कार्कासोनच्या पुढे, सेर्स हा वायव्येचा वारा पाठीवर येतो. म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणं एकंदरीत फायद्याचं.

मे-जून किंवा सप्टेंबर गाठा. एप्रिल-मेमध्ये प्लेनची लव उडून डोळे चुरचुरतात, त्यामुळे चष्मा हवा. जुलै-ऑगस्टला सावलीच्या भरवशावर राहू नका. या कालव्यावर २००६ मध्ये प्लेनला बुरशीचा रोग आढळला. त्यावर इलाज नसल्याने हजारो झाडं तोडून जाळावी लागली. नवी लावलेली अजून लहान आहेत, आणि मैलोन्मैल उघड्या उन्हात जातात. प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी बाळगा. दुकानं दुपारी १२ ते २ बहुधा बंद, आणि सोमवारी अनेक बेकऱ्याही. शाकाहारींनी कास्तेलनोदारीच्या प्रसिद्ध कासुलेला बिनमांसाची उसळ समजू नये. पांढऱ्या घेवड्यात बदक आणि डुक्कर दोन्ही असतं.

अवघड भाग जमत नसेल तर उगाच हट्ट नको. तुलूझ, कास्तेलनोदारी, कार्कासोन, नार्बोन, बेझिए, आगद, सेत ही सगळी स्टेशनं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. टीईआर या प्रादेशिक गाड्यांत जागा असेल तर सायकल चढवता येते, मात्र सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळा. कास्तेलनोदारीहून थेट बेझिएला उतरलं तर बहुतेक मुळं चुकतात. पण मग मालपासचा बोगदाही चुकतो. तिथे कालवा टेकडीच्या पोटातून जातो आणि सायकलवाट वरून. जवळच्या एन्सेरूनच्या टेकडीवरून १३ व्या शतकात उपसलेल्या मोंतादी तळ्याची शेतं दिसतात, सायकलच्या चाकातल्या तारांसारखी मध्यातून बाहेर गेलेली.

बेझिएनंतर पुन्हा चांगली वाट लागते. ती मधे एक-दोनदा बिघडते, पण मार्सेयाँजवळ कालवा ‘तो’ नावाच्या सरोवराला मिळाला की शेवटचे १२ किलोमीटर एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधून सेतपर्यंत पक्की सायकलवाट. किनाऱ्याची वाळू चेनमध्ये जाते. मुक्कामी पोचल्यावर आधी ती कोरड्या ब्रशने झाडा, मगच पुसा.