हंसपद

लिहिताना एखादा शब्द राहून गेला, की दोन शब्दांच्या मध्ये ओळीच्या पायाशी एक छोटासा कोन काढायचा आणि राहिलेला शब्द वर लिहायचा. या खुणेला हंसपद म्हणतात. काही जण काकपद म्हणतात. पक्षी कोणता याबद्दल मतभेद असतील, पाऊल उमटलंय याबद्दल नाहीत. मला हंस आवडतो. माझ्या अक्षराला कावळा शोभतो.

मुद्रितं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे या पावलाशी जुनी ओळख. आताशा बराच मजकूर पडद्यावरच तपासला जातो आणि तिथं हंसपद लागतच नाही. कर्सर नेला, शब्द घातला, संपलं. ओळ निमूट सरकून जागा देते आणि तिथं कधी काही राहिलं होतं याचा मागमूस उरत नाही. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण कागदावरच्या हंसपदात एक कबुली असते: इथं राहिलं होतं, मागाहून लक्षात आलं. पडद्यावरचा मजकूर जन्मतःच शहाणा असल्यासारखा बसलेला असतो.

परवा एका लेखातले अनुच्छेदांचे क्रमांक पडताळायला भारताचं संविधान उघडलं आणि उद्देशिकेच्या पानावरच अडकले. शेकडो वेळा पाहिलेलं पान. पण 'सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य' या शब्दांभोवती चौकोनी कंस आहे, कंसाच्या डोक्याशी बारीक आकडा आहे आणि तळटीपेत त्या आकड्याचा खुलासा आहे, हे त्या दिवशी खऱ्या अर्थानं दिसलं. १९७६ची बेचाळिसावी दुरुस्ती. खाली 'एकते'च्या शेजारी 'एकात्मता' येऊन बसलीय, तिलाही कंस आणि आकडा. हंसपदच की हे! देशाच्या सर्वोच्च कायद्याच्या अगदी पहिल्या पानावर, आणि कुठेही लपवाछपवी नाही.

मग पडताळणी राहिली बाजूला, पानंच उलटत बसले. २१ नंतर २१क: सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क, २००२च्या शहाऐंशिव्या दुरुस्तीनं आत आलेला. ३१ची जागा रिकामी. मालमत्तेचा हक्क चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मूलभूत हक्कांच्या पंगतीतून उठला आणि लांब ३००क मध्ये साधा घटनात्मक हक्क होऊन बसला. २४३ला तर पंचायती, नगरपालिका आणि पुढे सहकारी संस्थांची इतकी शेपटं फुटली, की इंग्रजी प्रतीत झेडपर्यंत जाऊनही अक्षरं पुरली नाहीत आणि पुढे झेडए, झेडबी करत झेडटीपर्यंत जावं लागलं. माझ्यातल्या मुद्रितशोधकाला आधी वाटलं, एकदाचे सगळे क्रमांक सरळ का लावत नाहीत? मग लक्षात आलं, २१चा उद्या २३ झाला तर इतक्या वर्षांच्या निकालांमध्ये 'अनुच्छेद २१' म्हणून लिहिलेलं सगळं भलत्याच दारावर जाऊन थाप मारेल. नीटनेटकेपणापेक्षा पत्ता महत्त्वाचा.

अमेरिकेची रीत निराळी. तिथं १७८७चा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून दुरुस्त्या शेवटी जोडत जातात. म्हणजे हंसपद नाही, ता. क. आतापर्यंत सत्तावीस ताजे कलम झालेत. त्यातली गंमत अशी, की १९१९मध्ये मंजूर झालेली अठरावी दुरुस्ती दारू गाळणं-विकणं बंद करते आणि १९३३ची एकविसावी दुरुस्ती अठरावी रद्द करते. पण दोन्ही छापलेल्या असतात. 'ता. क. येताना छत्री आणू नकोस. ता. क. आणलीस तरी चालेल.' आणि गंमत नसलेली गोष्टही आहे. गुलामांना 'इतर व्यक्ती' म्हणत त्यांची मोजणी तीन-पंचमांशानं करणारं मूळ कलम गृहयुद्धानंतरच्या दुरुस्त्यांनी निकामी झालं, पण मजकुरातून पुसलं गेलेलं नाही. वाचताना चटका बसतो. बसावाच.

शेवटचं ता. क. तर २०२ वर्षं टपालातच होतं. खासदारांनी स्वतःचा पगार बदलला तर तो बदल पुढच्या निवडणुकीनंतरच लागू व्हावा, एवढीच मागणी. १७८९मध्ये पाठवलेली, १९९२मध्ये पोचली. मधल्या काळात ती बहुतेक सगळे विसरले होते. १९८२मध्ये एका विद्यार्थ्यानं हा प्रस्ताव अजून जिवंत आहे असा निबंध लिहिला, त्याला बेताचे गुण मिळाले, आणि तो चिडून राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहीत सुटला. कमी गुणांचा इतका सुंदर सूड मी दुसरा ऐकलेला नाही.

पण मुळात हे सगळं लिहूनच का ठेवायचं? ब्रिटनचं काय अडलंय? तिथं १२१५चा मॅग्ना कार्टा आहे, १६८९चं हक्कांचं विधेयक आहे, वेळोवेळचे कायदे आहेत. पण एका बांधणीत 'ही घ्या आमची राज्यघटना' म्हणून हातात देण्यासारखं काही नाही. उरलेलं रूढीवर चालतं. संसदेनं मंजूर केलेल्या विधेयकाला राजसंमती नाकारण्याचा प्रकार १७०८नंतर घडलेला नाही. कुणी मनाई केली म्हणून नव्हे. ते शोभत नाही म्हणून.

'शोभत नाही' हा शब्द घरात चालतो, तसा तो एखाद्या जुन्या देशातही चालत असेल. पण तो कुणालातरी लाज वाटेल या भरवशावर उभा असतो. अमेरिकेतही दोनपेक्षा जास्त वेळा अध्यक्ष व्हायचं नाही हा वॉशिंग्टनपासूनचा पायंडा होता, लेखी नव्हता. १९४०मध्ये रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले, १९४४मध्ये चौथ्यांदा. १९५१मध्ये बाविसावी दुरुस्ती आली आणि संकेत कायम शाईत उतरला. आणि जिथं कोट्यवधी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, भाषा वेगळ्या, देव वेगळे, जुने हिशेब न मिटलेले, तिथं तर शोभणं-न-शोभणं ठरवायचं तरी कुणी? भांडण निघाल्यावर नियम ठरवायला बसलं, तर जो जोरात ओरडतो त्याचा नियम होतो. म्हणून भांडणाआधी, डोकं ठिकाणावर असताना, लिहून ठेवायचं. त्यात आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचाही वाटा लिहायचा, कारण उद्या तो ओरडणारा असेल आणि आपण गप्प बसवलेले.

अर्थात नुसत्या लिहिण्यानंही भागत नाही. सोव्हिएत संघाच्या १९३६च्या राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्य होतं, सभास्वातंत्र्य होतं. पुढच्याच वर्षी माणसं रात्रीतून नाहीशी होत होती. छपाईची चूक एकही नसेल त्यात.

आपल्या संविधान सभेनं मात्र आधीच भरपूर खाडाखोड करून घेतली होती. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हा हिशेब खुद्द डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात दिला. ज्यानं कधी एका लेखकाचं एक पुस्तक तपासलंय, त्याला हा आकडा ऐकून घेरी येईल. एवढं चाळूनही संविधान अमलात येऊन दीड वर्ष होतं न होतं तोच, जून १९५१मध्ये, पहिली दुरुस्ती झाली. करणारी हंगामी संसद म्हणजे बहुतांशी तीच मंडळी. पूर्वी मला याची जरा शरम वाटायची. आता वाटत नाही. पण ती दुरुस्ती सरसकट गोडही वाटत नाही. तिनं मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदी करण्याचा रस्ता मोकळा केला, जमीन सुधारणांना आधार दिला, आणि त्याच हातानं अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची यादीही लांबवली. एकाच दमात दोन्ही.

यातूनच माझ्या धंद्यातला सगळ्यात जुना वाद निघतो: मुद्रितात किती बदल करू द्यायचे? एखादा लेखक मुद्रितातच दुसरं पुस्तक लिहायला घेतो. हंसपदावर हंसपद, समासात परिच्छेद, मागच्या कोऱ्या बाजूला उपसंहार. आणि एवढंही नको. एका 'न'चं हंसपद पुरतं. 'द्यावा'च्या आधी 'न' घातला की वाक्य तेच, अर्थ उलटा. १९७३मध्ये केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपुढे प्रश्न होता तो जवळजवळ हाच. सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमतानं उत्तर आलं, की संसदेला संविधानात दुरुस्ती करता येईल, पण त्याची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. जर्मनांनी हे १९४९मध्ये आधीच लिहून ठेवलं होतं. वायमारच्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या जर्मनीच्या घटनेतल्या आणीबाणीच्या अधिकारांनी काय होतं ते भोगल्यावर, माणसाची प्रतिष्ठा जपणाऱ्या पहिल्या अनुच्छेदाच्या तत्त्वांना हात लावायचाच नाही, कितीही बहुमत असो, असं कुलूप घातलं. एका मतानं सुटलेला आपला प्रश्न वाचताना मला मात्र अजून धाकधूक होते. तो सातवा न्यायाधीश पलीकडच्या बाजूला असता तर, असं काहीबाही मनात येतं.

आणि काही बदल हंसपदाशिवायच होतात. अनुच्छेद २१ची ओळ १९५०पासून तशीच आहे, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याची. तिच्यातच न्यायालयाला १९८५मध्ये उपजीविका सापडली, २०१७मध्ये खासगीपणा सापडला. अक्षर हललं नाही. आईची जुनी पत्रं मी पूर्वी वाचली तेव्हा त्यात नुसत्या सूचना होत्या. आता वाचते तेव्हा काळजी दिसते. पत्रं तीच.

संविधानाची हस्तलिखित मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत जपलेली आहे. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचं तिरप्या वळणाचं देखणं अक्षर, नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सजवलेली पानं. तिच्यात २१क नाही, ३१ अजून आपल्या जागी आहे. चालू प्रत वेगळी. ती कंसांनी, आकड्यांनी आणि तळटिपांनी भरलेली.

माझी तर त्याहूनही मागे पडलीय. २०२३ची एकशेसहावी दुरुस्ती तिच्यात नाही, हे क्रमांक पडताळताना लक्षात आलं. लोकसभेत महिलांना एक तृतीयांश जागा, अनुच्छेद ३३०क. लागू होण्यासाठी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांची अट घातलेली. पेन्सिल घेतली, ३३० आणि ३३१च्या मध्ये छोटा कोन काढला. वर लिहायला जागा फार नव्हती. समासात गेले, बारीक अक्षरात लिहिलं, आणि शेजारी तारखेसाठी थोडी जागा सोडली.