पश्चिमेच्या गॅलरीसाठी झाडं निवडताना : माझा अनुभव

आमच्या पुण्यातल्या नवीन फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला आहे, सकाळी पूर्ण सावली आणि दुपारी एकदा ऊन आलं की मावळेपर्यंत हलत नाही, एप्रिल-मेमधे तर ग्रिलला हात लावता येत नाही. म्हणून नर्सरीत जायच्या आधी मी सुट्टीच्या दिवशी ऊन कुठपर्यंत येतंय ते फरशीवर खडूने मार्क करून ठेवलं. माझ्या मते निवड इथूनच सुरू होते, फुलाचा रंग वगैरे नंतर. आणि हे हिवाळ्यात परत बघावं लागतं कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, ऊन तिरकं येतं.

दुसरी अट म्हणजे घरात रांगणारं बाळ, हाताला लागेल ते तोंडात. त्यामुळे कण्हेर आणि अडेनियम बाद, दोन्हींचा चीक विषारी, आणि डिफेनबेकिया पण बाद, त्याच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंड सुजतं. सदाफुली मला हवीच होती, उन्हाला ती अजिबात दबत नाही, पण तीही कण्हेरीच्याच कुळातली आणि पोटात जाऊ नये अशी, म्हणून ती वर हँगिंगमधे. मनीप्लांटही तसाच वर टांगला.

सोलापूर रोडला उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, तिथे गेल्यावर पिटुनिया, डॅलिया बघून हात पुढे जातोच, पण ही थंडीची फुलं, ऊन वाढलं की संपली. मला वर्षभर टिकणारं हवं होतं. ग्रिलच्या कोपऱ्यात, बाळापासून लांब, 12 इंची कुंडीत बोगनवेल घेतली (काटे असतात). नर्सरीतले दादा म्हणाले, "ताई, हिला पाणी कमी द्या, लाड केले की नुसती पानं येतात," आणि ते अगदी खरं आहे, माती वरून नीट कोरडी झाल्यावरच पाणी घालते.

सासूबाईंना मोगरा हवा होता. मोगऱ्याला रोज पाच-सहा तास ऊन लागतं ते आमच्याकडे मिळतं, फक्त जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी करायची म्हणजे नवीन फुटव्यांवर कळ्या धरतात. खडूच्या रेषेच्या आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे अरेका पाम आणि स्पायडर प्लांट ठेवले, दोन्ही बिनविषारी.

नर्सरीतली चिकट लाल माती तशीच ठेवली तर कुंडीत दगडासारखी होते, म्हणून कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून भरलं, त्याने कुंडीचं वजनही कमी होतं, गॅलरीच्या स्लॅबसाठी ते बरं.

आता जास्वंद घ्यायची आहे, साधी लाल पाच पाकळ्यांची. तिच्यावर पिठ्या ढेकूण फार लवकर येतो, त्यामुळे रोप घेताना पानं उलटी करून आणि शेंड्याच्या बेचक्यात बघायचं, कापसासारखं पांढरं काही दिसलं तर फुलं कितीही छान असली तरी ते रोप घ्यायचं नाही.